पाच गोळ्या, एक छिद्र

रायफल नेमबाजीविषयी नव्याने कुतूहल वाटू लागलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो : सगळ्यांत चांगले काडतूस कोणते? आणि नेमबाज आपली काडतुसे घरी भरतात असे कळले की लगेच दुसरा प्रश्न येतो : दुकानात तयार मिळत असताना हा खटाटोप कशासाठी?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला अमेरिकेइतकी सोयीची जागा नाही. तिथे काडतूस घरी भरणे हा कायदेशीर आणि जुना छंद आहे. त्या छंदाला दोन खेळांनी वाढवले. एक बेंचरेस्ट. यात रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाच गोळ्या शक्य तितक्या जवळजवळ मारायच्या असतात. दुसरा व्हार्मिंट शूटिंग, म्हणजे कुरणांत आणि शेतांत बिळे करणाऱ्या, प्रेअरी डॉगसारख्या छोट्या प्राण्यांची लांबून केलेली शिकार. दोन्हींत लक्ष्य लहान असते. पण दोन्हींना चांगले वाटणारे काडतूस एक नाही. असे का, हे समजण्यासाठी आधी काडतुसाच्या पोटात डोकवावे लागेल.

१. चार भागांचे यंत्र

काडतुसाचे भाग चारच. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बोलताना आपण सगळ्या काडतुसालाच 'गोळी' म्हणतो, पण नळीतून बाहेर पडते ती फक्त पुढची धातूची गोळी.

चाप ओढला की रायफलीची पिन प्रायमरवर आदळते. त्यातले स्फोटक द्रव्य पेटते आणि त्याची ज्वाला दारूत शिरते. दारू जळून वायू होतो, वायूचा दाब गोळीला नळीतून ढकलतो. .२२३ रेमिंग्टन या सर्वत्र आढळणाऱ्या काडतुसासाठी अमेरिकेतील उद्योगाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ५५,००० पौंड प्रति चौरस इंच आहे. हा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३,७०० पट भरतो.

एवढा दाब मागे फुटून नेमबाजाच्या तोंडावर का येत नाही? याचे श्रेय पितळेला. पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. दाब वाढताच पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ती जिथे बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते आणि वायूची मागची वाट बंद होते. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. फुगताना तिने त्या रायफलीच्या चेंबरचे माप घेतलेले असते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती फार कामाला येते.

दारूचे मुख्य वेगळेपण तिच्या जळण्याच्या गतीत असते. चुलीत काटक्या घातल्या तर भडका चटकन उठतो आणि विझतो. तेवढ्याच वजनाचा ओंडका मात्र सावकाश आणि बराच वेळ जळतो. दारूचेही तसेच. छोट्या पुंगळीत हलकी गोळी असेल तर ती चटकन पुढे सरकते, तिच्यामागे दाब टिकवायला जलद जळणारी दारू लागते. मोठ्या पुंगळीत जड गोळी असेल तर सावकाश जळणारी. इथे अदलाबदल झाली तर परिणाम निव्वळ नेम चुकण्यावर थांबत नाही. जड गोळीमागे जलद दारू आली तर गोळी पुढे सरकण्याआधीच दाब मर्यादेपलीकडे जातो आणि रायफल फुटू शकते.

२. खाली पडणारी गोळी आणि वेगाचे वेड

नळीतून सुटलेली प्रत्येक गोळी त्याच क्षणापासून खाली पडू लागते. किती पडेल हे ती हवेत किती वेळ आहे यावर ठरते. हिशेब शाळेतला आहे : सेकंदांचा वर्ग करायचा आणि ४.९ ने गुणायचे, उत्तर मीटरमध्ये येते.

समजा, लक्ष्य ३०० मीटरवर आहे. सरासरी ९०० मीटर प्रति सेकंद वेगाची गोळी ०.३३ सेकंदात पोचेल आणि सुमारे ५४ सेंटिमीटर पडेल. सरासरी ६०० मीटर वेगाची गोळी अर्धा सेकंद घेईल आणि १२२ सेंटिमीटर पडेल. रायफलीची दुर्बीण ३०० मीटरला जुळवलेली असली तर ही घसरण आधीच धरलेली असते. अडचण येते अंतर चुकले की. प्राणी ३०० मीटरवर आहे असे वाटले आणि तो खरे तर ३३० वर असला, तर जलद गोळी नेमापासून ६ सेंटिमीटर खाली लागते आणि मंद गोळी साडेतेरा. उभ्या राहिलेल्या प्रेअरी डॉगच्या बाबतीत एवढ्या फरकाने नेम लागतो किंवा हुकतो.

अंतर मोजणारी लेझर यंत्रे खिशात येण्याआधीच्या काळात व्हार्मिंट शिकारी वेगामागे का लागले, हे या हिशेबावरून कळते. १९३० च्या सुमारास आलेले .२२ हॉर्नेट हे या कुळातले सौम्य काडतूस. विंचेस्टर कंपनीने १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट बाजारात आणले आणि त्याच्या ४८ ग्रेन, म्हणजे जेमतेम ३.१ ग्रॅम वजनाच्या गोळीने सेकंदाला सुमारे १,२५० मीटरचा वेग गाठला. कारखान्यात तयार होणाऱ्या काडतुसासाठी हा तेव्हा विक्रम होता. .२२-२५० हे काडतूस तर हौशी मंडळींनी जुन्या .२५० सॅव्हेजच्या पुंगळीचे तोंड आवळून घरोघरी घडवले. रेमिंग्टन कंपनीने ते अधिकृतपणे स्वीकारले १९६५ मध्ये, तोवर त्याला तीसेक वर्षे होऊन गेली होती.

वेगाची किंमत नळी मोजते. मोठ्या पुंगळीतला तप्त वायू लहान छिद्रातून जाताना नळीच्या सुरुवातीचे पोलाद खातो. दिवसभरात शेकडो गोळ्या झाडणाऱ्याला म्हणूनच .२२३ किंवा .२२२ सारखे कमी दारूचे काडतूस परवडते, कारण नळी जास्त टिकते आणि धक्काही कमी बसतो.

या शिकारीबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. पशुपालकांच्या लेखी प्रेअरी डॉग हा गवत खाणारा उपद्रवी प्राणी आहे. पण काळ्या पायांचे फेरेट हे अमेरिकेतील अत्यंत दुर्मीळ मांसभक्षक जगतात ते जवळजवळ पूर्णपणे याच प्राण्यावर आणि राहतात त्याच्याच बिळांत. नामशेष झाले असे समजले गेलेले हे फेरेट १९८१ मध्ये वायोमिंग राज्यात मीटिट्सीजवळ पुन्हा सापडले. प्रेअरी डॉगच्या वसाहती टिकणे म्हणजे काय, हे तेव्हा सगळ्यांना नव्याने कळले. कुठे, कधी आणि किती शिकार करायची याचे स्थानिक नियम पाळणे हा म्हणून या खेळाचा अविभाज्य भाग आहे.

३. वारा : मंद गोळी कमी का ढकलली जाते?

घसरणीचा हिशेब आधी करता येतो. वाऱ्याचा येत नाही, कारण वारा क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून लक्ष्यावर नेम धरणाऱ्यांना वेगापेक्षा वाऱ्याची काळजी जास्त असते.

गोळी हवेत जितका वेळ असेल तितकी ती वाऱ्याने वाहत जाईल असे सहज वाटते. प्रत्यक्षात मोजायचा असतो तो हवेमुळे झालेला उशीर. हवाच नसती तर गोळी किती वेळात पोचली असती आणि खरोखर किती वेळात पोचली, या दोन वेळांतला फरक म्हणजे उशीर. त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणले की गोळी किती सरकली ते मिळते.

एक उदाहरण घेऊ. अंतर ३०० मीटर, आडवा वारा सेकंदाला ४ मीटर. पहिली गोळी हलकी, आखूड, सुटतानाचा वेग १,००० मीटर. हवेविना तिला ०.३० सेकंद लागले असते, लागले समजा ०.३७. उशीर ०.०७ सेकंद, म्हणजे सरकली २८ सेंटिमीटर. दुसरी गोळी लांबट, टोकदार, मागून निमुळती, वेग फक्त ८८० मीटर. हवेविना ०.३४, प्रत्यक्षात ०.३७५. उशीर ०.०३५, सरकली १४ सेंटिमीटर. दुसरी गोळी सुटली मंद आणि पोचलीही किंचित उशिरा, तरी वाऱ्याने ती निम्मीच ढकलली.

३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचे असते. तिथले नेमबाज ६ मिलिमीटर जाडीच्या लांबट गोळ्या का वापरतात, हे आता वेगळे समजावून सांगायला नको.

४. आटे किती दाट?

लांबट गोळी वाऱ्यात चांगली, तर सगळ्यांनीच ती का वापरू नये? कारण ती प्रत्येक नळीत स्थिर राहत नाही. रायफलीच्या नळीत आतून आटे पाडलेले असतात. ते गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि त्या फिरण्यामुळेच तिचे टोक पुढे राहते. गोळी जितकी लांब तितकी तिला जास्त फिरकी लागते.

ब्रिटिश गणिती आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या जाडीचा वर्ग करा, १५० ने गुणा आणि लांबीने भागा. जे अंतर येईल तेवढ्यात आट्यांचा एक पूर्ण फेरा हवा. ५.७ मिलिमीटर जाडीची गोळी १८ मिलिमीटर लांब असेल तर उत्तर येते सुमारे २७ सेंटिमीटर. तीच २५ मिलिमीटर लांब असेल तर साडेएकोणीस. आज याहून बारीक हिशेब करणारी सूत्रे आहेत, पण पहिल्या अंदाजाला हे पुरते.

म्हणून काडतूस निवडताना नळीवर कोरलेला आट्यांचा आकडा आधी वाचावा. १४ इंचांत एक फेरा असलेल्या जुन्या नळीत लांब, जड गोळी घातली तर ती हवेत डगमगते आणि कागदावर गोल छिद्राऐवजी आडवे, लांबट भोक पाडते.

५. भरणे म्हणजे सारखे करणे

कारखान्याला काडतूस असे करावे लागते की ते त्या मापाच्या प्रत्येक रायफलीत बसेल. म्हणून मापे थोडी सैल ठेवावी लागतात. घरी भरणाऱ्यापुढे मात्र एकच रायफल असते. पुंगळीने फुगताना तिच्या चेंबरचे माप घेतलेलेच असते. ते माप मोडायचे नाही, हे घरी भरण्यामागचे खरे कारण. चार भागांपैकी पुंगळीच काय ती पुन्हा वापरता येते, त्यामुळे पैसेही वाचतात.

काम क्रमाने चालते. झाडलेली पुंगळी साफ करायची, तेल लावून प्रेसने डाय नावाच्या साच्यात दाबायची. यात जुना प्रायमर निघतो, मान पुन्हा गोळी धरण्याइतकी आवळली जाते आणि मानेखालचा उतार, म्हणजे खांदा, अगदी थोडा, मिलिमीटरच्या काही शतांशांइतका, मागे सरतो. वारंवार झाडल्याने पुंगळी लांबते, म्हणून कॅलिपरने मोजून कापावी लागते. वारंवार दाबल्याने मानेचे पितळ ताठर होऊन चिरते, म्हणून काही जण ती तापवून पुन्हा मऊ करतात. मग नवा प्रायमर, दारू आणि शेवटी ठरावीक खोलीवर बसवलेली गोळी. नळीचे आटे सुरू होतात तिथपासून गोळी किती दूर राहते, या बारक्या फरकानेही नेम सुधारतो किंवा बिघडतो.

दारू किती काटेकोर मोजायची? याचे उत्तर अंतरावर आहे. वेगात १ टक्का फरक पडला तर घसरणीत साधारण २ टक्के फरक पडतो. १०० यार्डांवर गोळी पाचेक सेंटिमीटर पडते, त्याचे २ टक्के म्हणजे १ मिलिमीटर. १,००० यार्डांवर सरासरी ६४० मीटर वेगाची गोळी जवळजवळ १० मीटर पडते, त्याचे २ टक्के म्हणजे २० सेंटिमीटर. म्हणून हजार यार्डांचा नेमबाज दारू बारीक तराजूवर जोखतो, तर १०० आणि २०० यार्डांवर खेळणारे अनेक बेंचरेस्टवाले ती मापाने, आकारमानानुसार ओततात आणि तरीही जिंकतात. ते मोजक्या पुंगळ्या घेऊन मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात भरतात, कारण दिवसभरात तापमान आणि आर्द्रता बदलली की दारूचे प्रमाणही थोडे बदलावे लागते.

या खेळातले सर्वांत गाजलेले काडतूस त्याच वृत्तीतून जन्मले. १९५० मध्ये रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी आखलेले .२२२ रेमिंग्टन सुमारे पाव शतक बेंचरेस्टवर राज्य करत होते. १९७५ मध्ये डॉ. लुई पाल्मिसानो आणि बंदूक कारागीर फेरिस पिंडेल यांनी .२२० रशियन ही पुंगळी घेऊन तिच्यापासून आखूड, रुंद असे ६ मिलिमीटर पीपीसी घडवले. आखूड आणि रुंद ढिगातली दारू दर वेळी अधिक सारखी पेटते, असे तेव्हापासून मानले जाते. पीपीसीने .२२२ ला मागे टाकले आणि जवळच्या अंतरांच्या बेंचरेस्टमध्ये ते आजही आघाडीवर आहे. वेगाच्या शर्यतीत ते कधीच नव्हते.

६. जिथे तडजोड नाही

घरी भरणाऱ्याने आकडे प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेतूनच घ्यायचे असतात. कोणाच्या तोंडून ऐकलेले किंवा स्वतःला आठवणारे आकडे वापरायचे नाहीत. कमाल प्रमाणापासून सुरुवात कधीच नाही. साधारण १० टक्के खालून सुरू करून थोडे थोडे वर जायचे. झाडलेला प्रायमर चपटा दिसू लागला किंवा बोल्ट उचलायला जड गेला, तर दाब वाढतो आहे हे ओळखून तिथेच थांबायचे.

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा. गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या उभ्या करून आत उजेड टाकायचा आणि प्रत्येकीतली दारूची पातळी बघायची. लहान भरणीच्या पुंगळीत चुकून दुप्पट दारू मावू शकते. दारूच पडली नाही तर गोळी नळीत अडकते आणि मागून आलेली पुढची गोळी नळी फोडते. प्रायमरच्या धुरात शिसे असते, म्हणून काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खायचे नाही.

भारतात हा छंद मोकळा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे गुन्हा आहे.

७. तीन गोळ्यांचा मोह

नवे प्रमाण भरले, तीन गोळ्या झाडल्या, तिन्ही एकमेकींना चिकटून लागल्या. झाले, सापडले! असे वाटणे स्वाभाविक आहे, पण गणित त्याच्या विरोधात जाते.

समजा, एका रायफलीच्या गोळ्यांच्या समूहाची रुंदी तीन गोळ्यांत सरासरी २४ मिलिमीटर भरते. काहीही न बदलता पाच गोळ्या झाडल्या तर सरासरी ३१ होईल आणि दहा झाडल्या तर ३८. रायफल बिघडलेली नसते. जास्त गोळ्यांत टोकाची एखादी येण्याची शक्यता वाढते, एवढेच. शिवाय तीन गोळ्यांचे समूह आपापसांतही फार कमीजास्त होतात. दोन प्रमाणांची तुलना करायची तर दोन्हींच्या किमान दहा-दहा गोळ्या, शक्यतो एकाच दिवशी, आलटून पालटून झाडाव्यात. बेंचरेस्टच्या स्पर्धेतही एका समूहावर निकाल लागत नाही, पाच-पाच गोळ्यांच्या अनेक समूहांची सरासरी काढतात.

८. भरता न येणारे काडतूस

महाराष्ट्रात रायफल म्हटले की कोल्हापूर आठवते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचे सुवर्ण जिंकले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी शातोरूच्या रेंजवर ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवले, अंतिम फेरीत ४५१.४ गुण घेऊन. या लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचे आणि गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची.

या स्पर्धांचे काडतूस .२२ लाँग रायफल. त्यात वेगळा प्रायमर नसतो, स्फोटक द्रव्य पुंगळीच्या कडेच्या पोकळीत भरलेले असते आणि पिनच्या ठोक्याने ती कड चेपते. ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही. तिसऱ्या विभागातला उशिराचा नियम इथेही दिसतो : स्पर्धेच्या गोळ्यांचा वेग मुद्दाम ध्वनीपेक्षा थोडा कमी ठेवतात. ध्वनीचा वेग ओलांडणाऱ्या .२२ गोळीवर हवेचा विरोध एकदम वाढतो, उशीर वाढतो आणि ती वाऱ्याने जास्त ढकलली जाते.

भरता येत नाही, मग सारखेपणा आणायचा कुठून? निवडीतून. कारखान्यात एका सलग खेपेत तयार झालेल्या काडतुसांना एकच लॉट क्रमांक मिळतो. एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे दोन लॉट एका नळीतून वेगळे वागतात. म्हणून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला ईली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. तिथे ती पकडीत घट्ट बसवतात, माणसाच्या हाताचा दोष वगळतात आणि एकामागून एक लॉट झाडून समूह मोजतात. जो लॉट त्या नळीला मानवतो, त्याच्या पेट्या पुढच्या हंगामाला पुरतील इतक्या एकदम विकत घेतल्या जातात. त्या संपल्या किंवा नळी बदलली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.